दसऱ्यापर्यंत काठ कापायचा नाही

आमच्या घरामागून नदी वाहते असं मी सांगितलं की आमच्या गावची, माढ्याकडची माणसं हसायची. त्यांनी भीमा पाहिलेली, सीना पाहिलेली. सोलापुरात कसली आलीय नदी? महापालिकेच्या कागदावर ती आदिला नदी होती. आम्ही तिला ओढा म्हणायचो, आणि बहात्तरच्या दुष्काळानंतर ओढा म्हणायचीसुद्धा लाज वाटावी अशी तिची दशा झाली होती. पाणी आटलं तेव्हा लोकांना वाटलं, पात्र रिकामंच आहे. मग चुलीतली राख, फुटकी कौलं, साच्यांखालचा, म्हणजे यंत्रमागांखालचा, तेलकट कापूस, फाटक्या गाद्या, सगळं तिथं जाऊन पडायला लागलं. पुढे पाऊस आला, पाणी आलं, पण त्याला वाटच राहिली नव्हती. ते ढिगांना वळसे घालत, जागोजागी तुंबत कसंबसं पुढं जायचं. त्यात वरच्या अंगाला रंगारीमामांचा रंगखाना. ज्या रंगाच्या सुताच्या लडी त्या दिवशी निघतील, त्या रंगाचा ओढा. मागचं दार उघडलं की मामांनी आज काय रंगवलं ते कळायचं.

मी त्या गल्लीत लग्न होऊन आले ती ऐन दुष्काळात. नवरा गिरणीत फिटर, दोन खोल्या भाड्याच्या, आजूबाजूला सगळी तेलुगू विणकरांची घरं. दिवसभर साच्यांचा खडखडाट. पहिले काही दिवस माझं डोकं उठायचं, मग एकदा वीज गेली आणि सगळे साचे थांबले तेव्हा मीच दचकून बाहेर आले. माझा स्वभाव तेव्हाही फटकळ होता, आताही आहे. आई मी लहान असतानाच गेली. वडिलांनी दुसरं घर केलं, आणि माझं माहेर म्हणजे नुसतं एका गावाचं नाव उरलं. सणाला गल्लीतल्या सुना माहेरी निघाल्या की मी दार लोटून भांडी घासत बसायची. भांडी लखलखीत असली तरी.

आमची आणि अव्वाची भिंत एकच होती. अव्वा म्हणजे तेलुगूत आजी. तिला सगळी गल्लीच अव्वा म्हणायची. मुलाचे दोन साचे होते, त्यांच्यासाठी ती ओसरीवर रहाट घेऊन सुताच्या कांड्या भरत बसे. मराठी तिचं तिनंच बनवलेलं होतं. माझं नवऱ्याशी वाजलं की भिंतीपलीकडून तिचा रहाट थांबायचा. भांडण संपलं की पुन्हा सुरू व्हायचा. त्या रहाटामुळे मी पुष्कळदा भांडण आवरतं घेतलंय, कारण तिचं काम खोळंबायचं.

अव्वाला एकच लेक. ती भिवंडीला दिलेली. लग्नानंतर तिला मूल झालं आणि महिनाभरातच गेलं. त्यानंतर ती एकदा माहेरी आली होती, दुष्काळातच. अव्वानं मला ते कितीतरी वेळा सांगितलं होतं. लेक मागच्या दारात बसून ओढ्याकडे बघत राहिली, राख आणि गाद्यांकडे. कुणाशी धड बोलली नाही. चार दिवस राहायला म्हणून आलेली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. जाताना म्हणाली, "अम्मा, इथं आता आपलं काहीच राहिलं नाही." तेव्हापासून सणाला बोलावलं की काहीतरी कारण सांगायची.

ह्या लोकांचा सण म्हणजे बतुकम्मा. नवरात्रात ताटामध्ये फुलांचे थर गोल गोल रचत वर निमुळता मनोरा करायचा, त्यावर हळदीची गौरी बसवायची. बायकांनी त्याभोवती टाळ्या वाजवत, गाणी म्हणत फिरायचं, आणि दसऱ्याआधी तो पाण्यात सोडायचा. ह्या सणाला लेकी माहेरी येतातच. मोठ्या मनोऱ्याशेजारी एक छोटा मनोराही करतात. अव्वाच्या घरात समजूत अशी की मोठी आई आणि छोटी तिची लेक. नातवंड गेल्यापासून अव्वानं छोटी करायचं सोडलं होतं. आणि मोठीही ओढ्यात न सोडता, गल्लीबरोबर लांब तलावावर नेऊन सोडायची. ओढ्यात सोडायला ओढा होता कुठं?

दुष्काळाला सात-आठ वर्षं झाली असतील, त्या वर्षी श्रावणात अव्वाचा मुलगा साच्याचे सुटे भाग आणायला भिवंडीला गेला आणि निरोप घेऊन आला की बहीण यंदा येते म्हणाली. त्या दिवशी अव्वानं रहाटाला हात लावला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागचं दार उघडते तर अव्वा लुगडं खोचून, घमेलं घेऊन ओढ्यात उतरलेली.

"अव्वा, वर या. पाय घसरला म्हणजे?" मी ओरडले.

"लेक येणार की," ती म्हणाली. "फुलं हितंच सोडणार. तिच्या ल्हानपणी सोडत होतो ना, हितंच. ती परत तसं जायला नको, बिड्डा."

बिड्डा म्हणजे लेकरू. ती सगळ्यांनाच बिड्डा म्हणायची, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं. पण एवढी म्हातारी बाई एकटी घमेलं भरते आहे आणि तिच्या डोक्यावरच्या बाजूनं, आमच्याच गल्लीतली एक बाई निवांतपणे चुलीची राख ओढ्यात ओतते आहे, हे पाहून माझं डोकं फिरलं. मी त्या बाईला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पदर खोचला आणि खाली उतरले.

पहिल्या दिवशी आम्ही दोघीच. लोक मागच्या दारांतून बघत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी राखवाली बाई स्वतःचं घमेलं घेऊन आली आणि माझ्या शेजारी गाळ भरायला लागली. मग साचे बंद असायच्या वारी पुरुष उतरले. नवरा गिरणीतून सुटला की सायकल भिंतीला टेकवून तसाच खाली यायचा. त्यानं पहारीनं दगड हलवून पाण्याला वाट करून दिली. कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं, कुणी बक्षीस देणार नव्हतं. अव्वाची लेक येणार, एवढंच गल्लीला माहीत होतं. येता-जाता एकमेकांना विचारायचे, "कुटवर आलं?" म्हणजे गाळ कुठवर निघाला.

राहिला रंग. अव्वा म्हणे, मामाला काही बोलायचं नाही, त्याचं पोट त्याच्यावर आहे. मला काही ते पटेना. एका सकाळी ओढा हिरवागार आला होता. मी स्वच्छ घासलेल्या फुलपात्रात ते पाणी भरलं, ताटलीवर ठेवलं आणि रंगारीमामांच्या दारात नेऊन दिलं.

"मामा, सरबत घ्या."

मामांनी फुलपात्र हातात घेतलं, उजेडात धरून नीट पाहिलं आणि म्हणाले, "कालचं लाल जास्त गोड हुतं."

मी इतकी हसले की भांडायचं राहूनच गेलं. मामाही हसले. मग जरा वेळानं, फुलपात्रातलं पाणी दारातल्या मातीवर ओतून ते म्हणाले, "लेक कधी येनार हाय अव्वाची?" पुढच्या आठवड्यात त्यांच्या गड्यांनी रंगखान्यामागं एक मोठा खड्डा खणला. रंगाचं पाणी त्यात मुरायला लागलं. सगळं थांबलं असं नाही, जोराचा पाऊस आला की खड्डा भरून वाहायचाच, आणि तेव्हा मी फुलपात्र घासायला घ्यायची. पण ओढ्याला पाण्याचा रंग आला. भाद्रपद संपता संपता धुण्याच्या दगडाजवळच्या डोहात तळाची वाळू दिसायला लागली. एक दिवस तिथं खंड्या येऊन बसला. गल्लीतली निम्मी माणसं मागच्या दारांत उभी राहून त्याच्याकडे बघत होती, आणि साच्यावर धागे तुटत होते.

काठही भरला होता. दुष्काळात जळणासाठी लोकांनी काटक्याकुटक्या ओरबाडून नेल्या होत्या, वर राखेचे ढीग पडले होते, पण मुळं जिवंत असावीत. तरवड वर आला, कळ्यांनी पिवळा दिसायला लागला. त्याच्याखाली कुरडू. आमच्याकडे माढ्याला कुरडूची कोवळी पानं भाजीला घेतात, तुरे आले की कुणी विचारत नाही. अव्वा मात्र त्या गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांवरून हात फिरवायची. बतुकम्माला ही दोनच फुलं खरी, बाकीची भरतीला, असं तिचं म्हणणं. इतकी वर्षं ती बाजारातून झेंडू आणून भागवत होती. ह्या वर्षी काठ आपला, फुलं आपली. ती रोज जाऊन कळ्या बघून यायची.

आणि मग ते झालं.

लेक यायच्या आदल्या दिवशी साचे बंद होते. गल्लीतल्या जवान पोरांनी ठरवलं की अव्वाला खूश करायचं. ही सगळी साच्यावरची माणसं. चादर साच्यावरून उतरली की ती तशीच गिऱ्हाइकाकडे जात नाही. पसरून, उलटसुलट करून तिच्यावरचा लोंबता धागा न् धागा कात्रीनं कातरतात. एक सुटा धागा राहिला तर माल परत येतो. हे लहानपणापासून त्यांच्या हातात बसलेलं. तोच हात त्यांनी काठावर चालवला. विळे, कोयते, खुरपी घेऊन आमच्या दारापासून रंगखान्यापर्यंत दोन्ही काठ असे साफ केले की एक काडी वर राहिली नाही. कापलेलं सगळं उचलून कडेच्या पडक्या भिंतीमागं नेऊन टाकलं. दगडांना चुना मारला. बायका फराळाच्या गडबडीत, म्हातारी माणसं दुपारची झोपलेली. पोरांना वाटायचं फुलं बाजारात मिळतात. त्यांच्या आठवणीत ती बाजारातूनच आलेली.

संध्याकाळी त्यांनी अव्वाला हाताला धरून मागच्या दारी आणलं. माझा नवराही त्यांच्यात होता, चुन्यानं हात पांढरे झालेले.

"बगा अव्वा, कसं झालंय," तो म्हणाला.

अव्वानं पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. मग हळूच पायरीवर बसली आणि म्हणाली, "लई झ्याक केलासा." ते ऐकून पोरं खुशीत गेली. तिचे डोळे मात्र मी पाहिले. नवऱ्याला घरात ओढून सांगितलं तेव्हा त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. म्हणाला, "न्हाय गं. आमाला काय ठावं." मी त्याच्यावर चिडायचं ठरवलं होतं, पण त्याचे ते पांढरे हात बघून माझ्याच्यानं चिडवेना. त्या रात्री भिंतीपलीकडे रहाट फिरला नाही.

सकाळच्या गाडीनं लेक आली. बारीक चणीची, खाली बघून चालणारी. चहा झाल्यावर ती उठून मागच्या दाराशी गेली. अव्वा तिच्या मागं, मी अव्वाच्या मागं. मागच्या वेळी ह्याच दारात बसून तिनं परतीचं ठरवलं होतं.

ती उभी राहिली. समोर झुळझुळणारं पाणी, चुना मारलेले दगड आणि दोन्ही बाजूंनी उघडाबोडका काठ. अव्वा तेलुगूत घाईघाईनं काहीतरी सांगायला लागली आणि तिला रडू फुटलं. मला शब्द कळत नव्हते, पण तरवड कळला आणि पोरांची नावं कळली.

लेक ऐकत होती. मग तिच्या तोंडून एक आवाज आला. मला वाटलं तीही रडते आहे. पण ती हसत होती.

"अम्मा," ती मराठीत म्हणाली, बहुतेक मला कळावं म्हणून, "ओढ्याचं टक्कल केलं की गं."

अव्वा रडता रडता थांबली. लेकीकडे नुसती बघत राहिली. मग तीही हसायला लागली, तोंडाला पदर लावून, आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. मुलगा साचा बंद करून काय झालं ते बघायला आला आणि बहीण हसते आहे हे पाहून दारातच थांबला.

लेकीनं मला विचारलं, "कापून टाकलं कुठं?" मी तिला पडक्या भिंतीमागं घेऊन गेले. ढीग होता तिथं. तरवडाच्या कळ्या बहुतेक मलूल झाल्या होत्या, पण खालच्या बाजूच्या सावलीतल्या ताज्या होत्या. आणि कुरडूचं एक बरं असतं, तो तुरा कापला तरी कोमेजून जात नाही, नुसता कोरडा पडतो, रंग तसाच. आम्ही दोघी पदरात भरून घेत होतो. थोड्या वेळानं पोरं आली, माना खाली घालून. तिनं त्यांनाही बसवलं. तुरे झटकताना त्यातून काळं, चकचकीत, मोहरीहून बारीक बी गळत होतं. ते तिनं एका फडक्यात जमवलं आणि पोरांच्या हातात दिलं.

"जिथनं कापलं, तितं टाकून या," ती म्हणाली. "सगळीकडं."

पोरं दोन्ही काठांनी बी टाकत गेली. साचा चालवणारे ते हात, बी टाकताना अगदी अवघडलेले दिसत होते.

पुढच्या वर्षांचं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. दुसऱ्या पावसाळ्यात काठ कुरडूनं असा भरला की खाली उतरायची वाट शोधावी लागायची. तरवडही मुळांतून फुटला. गल्लीनं मग नियम केला, दसऱ्यापर्यंत काठ कापायचा नाही. दसऱ्यानंतरही बी गळेपर्यंत नाही. नवीन भाडेकरू आला की त्याला आधी हे सांगायचं, मग नळाची वेळ. त्या गवतात पाणकोंबडी अंडी घालायला लागली. दर वर्षी मृगाआधी सगळे मिळून गाळ काढायचो, आणि राखवाली बाई मुकादम होती. कुणी पाटी घेऊन ओढ्याकडे निघालं की ती अशी काही बघायची की माणूस मुकाट्यानं मागं वळायचा.

पण मला त्या पहिल्या वर्षाचंच सांगायचं आहे. सण संपेपर्यंत लेक राहिली. शेवटच्या दिवशी दुपारी ओसरीवर अव्वा मोठा मनोरा रचत बसली होती, मी फुलं हातात देत होते. लेक शेजारी बसून उरलेले तुरे निवडत होती. निवडता निवडता तिनं एक लहान ताटली ओढली आणि त्यात थर लावायला सुरुवात केली. अव्वाचा हात थांबला. तिनं लेकीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मग पुन्हा थर लावायला लागली. ओंजळीत मावेल एवढी ती छोटी बतुकम्मा झाली, तेव्हा लेकीनं तिच्यावर हळदीचं बोट टेकवलं.

संध्याकाळी बायका ओढ्याकाठी जमल्या. मामांनी चार दिवस रंगाची भट्टी पेटवली नव्हती. गाणी झाली. मोठी बतुकम्मा अव्वानं आणि लेकीनं मिळून पाण्यात सोडली. मी लांब उभी होते. मला त्यांच्यातलं काही येत नव्हतं, आणि लेकी-आयांच्या सणात आपण मध्ये कशाला, असंही वाटत होतं. तेवढ्यात लेक ती छोटी ताटली घेऊन माझ्यासमोर आली.

"ही तू सोड," ती म्हणाली.

"मी कशी? तुझी हाय ती."

"माझी हाय म्हणून तर तुला देते. धर."

मी पाण्यात उतरले. ताटली कशी कलती करायची ते तिनं दाखवलं. ती छोटी बतुकम्मा जरा डुगडुगली, दगडाला वळसा घालून प्रवाहात लागली आणि मोठीच्या मागं मागं गेली. लेक माझा दंड धरून उभी होती. तिची बोटं दंडात रुतत होती. ती सोडेपर्यंत मी हलले नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिची गाडी होती. अव्वानं तिची ओटी भरली, चिंचेचा भात आणि दहीभात डब्यात बांधून दिला, कपाळाला कुंकू लावलं. लेक म्हणाली, "पुढच्या वर्षी येते, अम्मा." तिनं पाया पडून पिशवी उचलली. मी तिला टांग्यापर्यंत पोचवायला निघाले तर अव्वानं मला हाक मारली.

"तू कुटं चाललीस? तुझी वटी राहिली की."

मी थांबले. अव्वानं मला पाटावर बसवलं. तांदूळ, खोबरं, हळकुंड. तसाच दुसरा डबा, फडक्यात बांधलेला. कुंकू लावून ती म्हणाली, "सासरी नीट राहा. नवऱ्यासंगं लई भांडू नको. पुढच्या सणाला ये, बिड्डा." दोन्ही लेकींना तिनं एकदमच निरोप दिला. एक टांग्यात बसली. दुसरी डबा छातीशी धरून शेजारच्या दाराकडे निघाली.

आमच्या उंबऱ्यापर्यंत येईतो मला रडू आवरेना. नवरा गिरणीत जायच्या तयारीत होता. घाबरून उठला.

"काय झालं? कुटं गेलतीस?"

"माहेरी," मी म्हणाले.

त्यानं माझ्या कपाळाकडे पाहिलं, ओटीकडे पाहिलं, आणि हातातला डबा काढून घेऊन मला बसायला पाट दिला.